गेटवरची खडी

"घरात कोण आहे?" खेतलेशेठनी विचारलं. मी त्यांच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

"मी आहे ना," मी म्हटलं.

"तसं नाही काकू. म्हणजे, बोलायला कोण आहे? ड्रायव्हरसाहेब कुठायत?"

"खाली पडवीत बसलेत. पण रस्ता मला करायचाय. उतरा ना पाखाडी, म्हणजे तुम्हालाच कळेल."

आमचं घर गावच्या रस्त्याच्या खाली, खोलगटात. गेटपासून अंगणापर्यंत पाखाडी, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्या. सासऱ्यांच्या हातच्या. मधल्या मधल्या झिजून तिरक्या झालेल्या. शेठ उतरले नाहीत. वरूनच त्यांनी हात केला. "काय ड्रायव्हर, बरं ना?"

खालून ह्यांचा आवाज आला, "एकदम! गाडी डेपोत उभी आहे, एवढंच!"

हे एसटीत ड्रायव्हर होते. सगळी नोकरी घाटात गेली. निवृत्तीनंतर पाठीच्या कण्याचं दुखणं निघालं आणि पाय गेले. हात तसेच राहिले, स्टिअरिंग फिरवून दगडासारखे झालेले. मुलीने मुंबईहून चाकांची खुर्ची पाठवली. चाकं आली, पण चाकांना जायला वाट नव्हती.

आणि देऊळ तर रस्त्यापलीकडे, हाकेच्या अंतरावर. पाडव्यापासून रामनवमीपर्यंत तिथे रोज कीर्तन. कीर्तनाचं वेड मला माहेरचं. माझ्या वडिलांनी मुलगा मला बघायला आल्यावर त्याचा पगार मागाहून विचारला, आधी विचारलं, तालाचं अंग आहे का? ह्यांनी तिथल्या तिथे झांज वाजवून दाखवली, आणि माझं लग्न ठरलं. पुढे ड्यूटी संपली की खाकीतच हे बुवांच्या मागे उभे राहायचे. मी बायकांत बसून आख्यान ऐकायचे आणि त्या झांजेवर एक कान ठेवायचे.

आदल्या वर्षी ह्यांनी कीर्तन अंगणातून ऐकलं, लाउडस्पीकरवर. वारा फिरला की अर्धं निरूपण नदीकडे जायचं. शेवटच्या दिवशी गावातले चौघे जण ह्यांना उचलून न्यायला आले. चांगल्या मनाने आले होते. ह्यांनी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. "चौघांनी उचलायचं ते एकदाच," म्हणाले. "त्याची मला घाई नाही."

त्या दिवशी मी ठरवलं. पुढच्या नवमीला हा माणूस देवळात जाईल तो स्वतःच्या चाकांवर जाईल.

म्हणून खेतलेशेठना बोलावलं होतं. गावातले मोठे कॉन्ट्रॅक्टर. देवळाच्या उत्सवाचा मांडव दरवर्षी त्यांचा, आणि कीर्तनात पहिल्या रांगेतली मधली जागाही त्यांची.

"शेठ, मला लिहून पाहिजे," मी म्हटलं. "माती किती काढणार, खाली काय घालणार, वर काँक्रीट किती जाड, चढ कसा ठेवणार. खुर्ची चढली पाहिजे. आणि सगळ्याचे मिळून किती घेणार."

शेठ हसले. "काकू, आपल्यात कसले कागद? मांडवाचं मी कधी देवाला लिहून दिलंय?"

"देव विचारत नाही शेठ. मी विचारते."

"बरं बरं. बघू या," म्हणून ते गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूजेला बसले होते. वर रस्त्यावर एकदम गडगडाट झाला. हातातली पळी तशीच ठेवून मी पाखाडी चढले, तर डंपर मागची फळी आपटत निघून चालला होता आणि आमच्या गेटच्या कडेला खडीचा ढीग पडला होता. माझ्या खांद्याएवढा.

मी फोन केला. शेठ म्हणाले, "असू दे हो काकू. दुसऱ्या साइटवरची उरलेली आहे. ठेवायला जागा नव्हती. तुमच्या वाटेत तर नाही ना?"

वाटेत नव्हती. कडेला नीट टाकलेली होती. मी म्हटलं, असू दे, माणसाला अडचण येते.

आकडा काही शेठनी दिला नाही. आठवडा गेला तसे मी तालुक्याचे दुसरे कॉन्ट्रॅक्टर बोलवायला लागले. पहिला मोटरसायकलवर आला. एक पाय खाली टेकवून उभा राहिला, गेटकडे पाहिलं, खडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"करू की काकू," म्हणाला, आणि एक आकडा सांगितला. तेवढ्या पैशांत कुणी आमचं घर, विहीर आणि मागची आंब्याची कलमं धरून विकत घेतलं असतं.

"सोन्याचा करणार काय रस्ता?"

"रेट वाढलेत आता."

"अरे, पण तू खाली उतरून बघितलंससुद्धा नाहीस!"

"दिसतं ना इथून." इंजिन त्याने बंद केलंच नव्हतं.

दुसरा मंगळवारी येतो म्हणाला. मी गेटवर वाट बघत होते. त्याची जीप आली, ढिगाजवळ हळू झाली, आणि पुढे निघून गेली. फोन केला तर म्हणाला, "पोचलोच नाही हो, पंक्चर झालं." माझ्या डोळ्यांदेखत गेलेल्या जीपचं पंक्चर! तिसऱ्याने फोनवरच आकडा सांगितला, पहिल्याहून मोठा. रस्ता किती लांब, हेही विचारलं नाही.

"तू त्यांना गेटवरच पूर्वरंग ऐकवत असशील," हे म्हणाले. "म्हणून पळतात."

"मग तुम्ही या वर आणि उत्तररंग करा."

बोलून गेले आणि जीभ चावली. ह्यांनी चाकावरची धूळ बोटाने पुसली. म्हणाले, "राहू दे गं. ऐकू येतं इथून."

घाटात दरड आली तरी 'राहू दे' न म्हणणारा माणूस. पॅसेंजर उतरवून, धोंडे बाजूला करून गाडी काढणारा. त्याच्या तोंडून हे ऐकलं आणि मला देवघरात जाऊन बसावं लागलं. देवाला मी काही मागितलं नाही. म्हटलं, तू फक्त बघत राहा.

पाडव्याच्या आदल्या दिवशी इरफान मुकादम आला. पलीकडच्या गावचा. धंद्यात नवा होता. त्याच्या बहिणीच्या लग्नाचे कपडे मी शिवले होते, तेव्हापासूनची ओळख. त्यानेही वर थांबून खडीकडे पाहिलं, पण माझी ओळख आडवी आली असावी, पाखाडी उतरला. टेप लावला, अंगण पाहिलं, चहा घेतला आणि कपात बघत आकडा सांगितला. तसलाच, घर-विहीर-कलमांचा.

"इरफान, कपात काय बघतोस? माझ्या तोंडाकडे बघून सांग."

त्याने कप खाली ठेवला. "काकी, वर खडी कुणाची?"

"खेतलेशेठची. त्यांना जागा नव्हती म्हणून..."

"जागा नव्हती? काकी, त्यांच्या यार्डात क्रिकेटची मॅच होईल."

"मग इथे कशाला टाकली?"

इरफानने ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "बोल बाबा. तिला सांगितल्याशिवाय ती तुला जाऊ देणार नाही."

"आमच्यात पद्धत आहे," तो म्हणाला. "ज्याने पहिली खडी टाकली, काम त्याचं. दुसऱ्याने यायचं, बघायचं आणि मोठा आकडा सांगून जायचं. घरमालक फिरून फिरून दमतो आणि शेवटी खडीवाल्याकडे जातो. तो मागेल तो आकडा मग स्वस्त वाटतो."

"आणि तू?"

"मीही टाकतो काकी. खोटं कशाला बोलू? माझ्या खडीला बाकीचे मान देतात, म्हणून मी त्यांच्या खडीला देतो."

मग हे एकदम हसले. "अगं, म्हणजे खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात, तसं!"

"अगदी तसं, काका."

"आणि एसटीच माझी असली तर?" मी विचारलं.

इरफानने टेप गुंडाळायला घेतला.

"इरफान, खडी नाहीच असं समज. आता सांग."

त्याने सांगितलं. ऐकून हे खुर्चीत ताठ झाले. आकडा माणसाने सांगावा तसा होता. एवढंच नव्हे, तो म्हणाला की सरळ उतार दिला तर खुर्ची सुटेल, मध्ये एक वळण घ्यावं लागेल. घाटातल्या ड्रायव्हरला वळण म्हणजे जीव की प्राण. दोघे वळणावर इतका वेळ बोलले की चहा पुन्हा ठेवावा लागला.

"लिहून देशील?" मी विचारलं.

"आत्ता देतो काकी. पण वर खडी आहे तोवर नाही. आणि ती तुम्ही हलवलीत तर चोरी म्हणतील, मी हलवली तर उद्या माझं काम बंद."

"ठीक आहे," मी म्हटलं. "तू पाडवा झाल्यावर ये."

पाडव्याच्या संध्याकाळी मांडव भरला होता. माधवबुवा त्या वर्षी पहिल्यांदाच आमच्याकडे आलेले. आवाज असा, की 'विठ्ठल' म्हटलं की समईची ज्योत हलावी. पूर्वरंग संपला. बुवांना हार घातला, बुक्का लावला, सगळ्यांनी नामघोष केला. आता आख्यान सुरू होण्याआधी थोडा विसावा असतो. आमच्याकडे त्यात सेक्रेटरी आप्पा नार्वेकर माइकवर सूचना सांगतात: प्रसाद घेतल्याशिवाय जाऊ नये, आणि कुणाचं काय हरवलं, काय सापडलं.

"एक चष्मा सापडला आहे," आप्पा म्हणाले. "एक छत्री. आणि डाव्या पायाची एक चप्पल. ज्याची असेल त्याने ओळख पटवून घेऊन जावी."

मी उठले. बायकांच्या बाजूने मधेच कुणी उठतं ते पाणी प्यायला. मी माइकपाशी गेले.

"आप्पा, मलाही काहीतरी सापडलंय."

"काय काकू?"

"खडी."

मांडवभर हशा झाला. मी थांबले. हशा बायकांकडे चालू राहिला; पुरुषांकडे, जिथे गवंडी आणि डंपरवाले बसले होते, तिथे तो हळूहळू विरला.

"माझ्या गेटवर कुणीतरी एक डंपर खडी टाकलीय," मी म्हटलं. "मी मागवलेली नाही. मी कुणालाही काम दिलेलं नाही. ज्याची आहे त्याचं नाव मला ठाऊक आहे, पण देवळात मी कुणाचं नाव घेणार नाही. त्याने स्वतः घ्यावं, खडी तिथे का टाकली ते सांगावं आणि घेऊन जावी."

खेतलेशेठ पहिल्या रांगेत मधोमध बसले होते. ते समईकडे बघत होते. 'माझी आहे' म्हणायला दोन शब्द पुरेसे होते. पण त्या दोन शब्दांच्या मागून 'कशाला टाकली' हे येणार होतं, आणि त्याचं उत्तर सगळ्या गावासमोर देता येण्यासारखं नव्हतं.

बुवा मांडवाकडे बघत होते. त्यांना गावातलं काही माहीत नव्हतं, पण माणसं वाचणारा माणूस. म्हणाले, "माउली, सापडलेली वस्तू तीनदा विचारावी. एकदा विचारून कुणाची लबाडीही कळत नाही आणि अडचणही कळत नाही."

मी दुसऱ्यांदा विचारलं. कुणी बोललं नाही. तिसऱ्यांदा विचारलं. कुणाच्या तरी तान्ह्याने तेवढा हुंकार दिला.

"बाळाची नसावी," बुवा म्हणाले, आणि मांडव पुन्हा हसला. "मग झालं! खडी देवाची. देवळाच्या वाटेवर पावसात चिखल होत असेल ना? तिथे घाला." आणि चिपळ्या वाजवून त्यांनी आख्यानाला हात घातला.

सकाळी उजाडताच शेजारची नंदा घमेलं घेऊन गेटवर आली. मग माझ्या शिवणक्लासच्या मुली. मग, मला खरंच वाटलं नव्हतं, दोन गवंडी फावडी घेऊन आले आणि काही न बोलता भरायला लागले. घमेली हातोहात देवळापर्यंत जात होती. न्याहारीच्या वेळेला गेटच्या कडेला नुसती पांढरी भुकटी उरली.

इरफान आला. त्या मोकळ्या जागेकडे त्याने बराच वेळ पाहिलं, मग गाडीच्या सीटवर कागद ठेवून सगळं लिहून दिलं: माती, मुरूम, काँक्रीट, वळण, आणि खाली आकडा. तासाभरात तो पंक्चरवाला जीपसकट आला. या खेपेला खाली उतरला, आणि त्यानेही लिहून दिलं. इरफानहून थोडं जास्त, पण माणसाचं.

मग खेतलेशेठ आले. पाखाडी उतरून आले, थेट पडवीत.

"काकू, माझी खडी गेली."

"तीनदा विचारलं, शेठ."

"चारचौघांत असं विचारतात?"

"चारचौघांच्या रस्त्यावर टाकलीत ना."

शेठनी खिशातून टाइप केलेला कागद काढला आणि ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी वाचला. "अगं," ते हळूच म्हणाले, "हा इरफानपेक्षा कमी आहे. बराच कमी. वळणसुद्धा धरलंय."

मी कागद घेतला. खरंच कमी होता. आणि आमची पेन्शन काही ओसंडून वाहत नव्हती.

"शेठ, हाच कागद मी त्या दिवशी मागितला होता. तेव्हा का नाही दिलात?"

शेठ सहज बोलून गेले, "तेव्हा काम माझंच होतं ना."

मी कागदाची घडी घातली आणि त्यांना परत दिली. "तेव्हा माझं होतं, शेठ. आताही माझंच आहे. मी ते इरफानला दिलं."

शेठचा चेहरा लाल झाला. "मांडव माझा आहे, काकू. एवढं लक्षात असू द्या."

"लक्षात आहे. दरवर्षी तुमचं नाव वाचतातच."

ते गेल्यावर हे म्हणाले, "महागात पडलीस."

"परत पाठवू का निरोप?"

"पाठवून बघ," हे म्हणाले. "खुर्चीतून उठून येईन."

इरफानने मनापासून काम केलं. पायऱ्यांच्या अंगाने लांबवर फिरवून, मध्ये वळण घेऊन रस्ता अंगणात उतरवला. काँक्रीटवर ओली गोणपाटं घातली. "काकी, गाडी महिनाभर नको," म्हणाला, "पण नवमीला खुर्ची चालेल." हे दिवसभर पडवीतून ओरडायचे, "बाहेरची बाजू उचल! बस उलटेल!" आणि मजूर वरून ओरडायचे, "डबल बेल, काका!"

अष्टमीच्या सकाळी देवळापुढचा मांडव उतरला. बांबू, कापड, दोऱ्या, सगळं ट्रकात भरून गेलं. शेठ कुणाला काही बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती.

दुपारी आप्पा नार्वेकर आले. "काकू, उद्या जन्माचं कीर्तन भर बाराला. चैत्राचं ऊन. म्हातारी माणसं, लहान मुलं. तुम्ही शेठना नुसतं म्हणा, चुकलं. मांडव तासात परत येतो."

त्यांच्यामागे नंदा उभी होती. ती म्हणाली, "खरंच काकू. तुमच्या रस्त्यापायी सगळ्यांनी का भाजून घ्यायचं?"

ते मला लागलं. शेठचं बोलणं लागलं नव्हतं, हे लागलं. तिने पहिलं घमेलं उचललं होतं.

"आप्पा," मी म्हटलं, "माझं चुकलं असेल तर देवापुढे नाक घासते. आत्ता चला. पण शेठपुढे नाही. त्यांनी मांडव देवाला दिला असता तर तो माझ्यावर रागावून उतरला नसता."

आप्पा उठून गेले. नंदाही गेली. त्यांच्यापैकी कुणी उद्या माझ्याशी बोलेल की नाही, मला माहीत नव्हतं.

नवमीला साडेअकराला मी ह्यांना पांढरा सदरा घातला, कपाळाला गंध लावलं, मांडीवर झांज ठेवली आणि खुर्ची नव्या रस्त्यावर आणली. वळणापर्यंत मी ढकललं. वळणावर हे म्हणाले, "हात काढ."

"अहो, चढ आहे."

"माझ्या आयुष्यात कधी क्लीनरने गाडी चढवली नाही. हात काढ."

मी हात काढले. दंडाच्या शिरा तटतटल्या. दोनदा चाक मागे आलं, दोनदा त्यांनी धरलं. गेटवर पोचले तेव्हा सदरा भिजला होता आणि हे असे बघत होते, जसा घाटमाथा आल्यावर बघायचे.

देवळापुढे उन्हात सगळं गाव बसलं होतं. छत्र्या, पदर, डोक्यावर टॉवेल. कीर्तन रंगात आलं होतं आणि पुढे जायला वाट नव्हती, म्हणून आम्ही सगळ्यांच्या मागे थांबलो. कुणी वळून पाहिलं, कुणी नाही. पहिल्या रांगेत मधोमध खेतलेशेठ होते. ह्यांनी झांज उचलली आणि ताल धरला. बुवांनी गाता गाता मान वर करून पाहिलं, आवाज कुठून आला ते.

बारा वाजले. बुवा म्हणाले, "उठा माउली, जन्म झाला!" सगळे उभे राहिले. जन्माच्या क्षणी आमच्याकडे कुणी बसत नाही. माझ्या आठवणीत कधी कुणी बसलेलं नाही. घंटा वाजल्या, फुलं उडाली, पाळण्याची दोरी हलली. आणि ह्यांच्यापुढे पाठींची भिंत उभी राहिली, छत्र्यांसकट. एवढं चढून आलेल्या माणसाला पाळणा दिसत नव्हता. हे डोळे मिटून झांज वाजवत राहिले.

तेवढ्यात नंदाने मागे पाहिलं. एकदा पाळण्याकडे, एकदा ह्यांच्याकडे. तिने छत्री मिटली आणि तापलेल्या जमिनीवर बसली. शेजारणीचा पदर ओढला. ती बसली. तिच्या पुढच्या वळून बघायला लागल्या आणि बसायला लागल्या, एक रांग, मग दुसरी, मग पुरुषांकडचीही, वारा आल्यावर भात वाकावा तसं सगळं गाव खाली बसत गेलं. बुवांनी पाहिलं, आणि पाळण्याची दोरी जरा लांब सोडली, झोका मागपर्यंत दिसावा म्हणून.

"अहो, डोळे उघडा," मी म्हटलं.

ह्यांनी डोळे उघडले. समोर पाळण्यापर्यंत सगळं मोकळं होतं. फक्त पहिल्या रांगेत मधोमध खेतलेशेठ एकटेच उभे होते.

मग तेही बसले की नाही, मी पाहिलं नाही. मी पाळण्याकडे बघत होते.